केसाएवढी फट

१

यंत्र चालू असताना खोली सोडायची नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम होता आणि तो मी अठरा वर्षं पाळला. चहा तिथेच प्यायचा, डबाही तिथेच उघडायचा. कारण साधं होतं. यंत्राची टाकी घासलेटने भरलेली असायची आणि त्या घासलेटच्या पोटात आम्ही मुद्दाम ठिणग्या पाडायचो. वर वीतभर तेल असेल तोवर ठिणगी आतल्या आत विझते. तेलाची पातळी उतरली, तर मग आगीच्या बंबाची वाट बघत बसायची.

मी सत्यशीला रामटेके. चंद्रपूरच्या एका सरकारी प्रयोगशाळेत धातूचे नमुने तयार करायचं काम माझ्याकडे होतं. खाणींतून, कारखान्यांतून, कधी पोलिसांकडून तुटलेले भाग यायचे. ते का तुटले, हे लोखंडाच्या आत सूक्ष्मदर्शकातून बघायचं. पण बघण्याआधी तुकडा काढावा लागतो, आणि करवत लावली की लोखंड तापतं, दबतं. मग खाली दिसते ती आपलीच करणी. म्हणून हे ठिणगीचं यंत्र. वर तांब्याचा ठोकळा, खाली नमुना, दोन्ही तेलात बुडालेले, मधे केसाएवढी फट. फटीतून ठिणग्या उडतात आणि एकेक ठिणगी लोखंडाचा एकेक कण नेते. तांबं लोखंडाला शिवत नाही.

आमचे परिचर हरिदासभाऊ या यंत्राला तडतडी म्हणायचे. आवाज खरंच कढईत धानाच्या लाह्या फुटाव्यात तसा यायचा. फटीत कचरा अडकला की यंत्र आपोआप ठोकळा वर उचलायचं, तेल आत शिरून कचरा धुवायचं, मग ठोकळा पुन्हा खाली. तासातून दोन-चारदा असं व्हायचंच. बाकी सगळं काम कानाने. मी पाठ फिरवून भाकरी खात असले तरी काम कुठवर आलं ते सांगू शकायचे, आणि याचा मला जरा जास्तच अभिमान होता.

२

शहाऐंशी साली, दिवाळी तोंडावर असताना, पोलिसांनी एक कडी आणून दिली. वीतभर लांब, मनगटाएवढी जाड, डांबर फासलेली, एका टोकाला तुटलेली.

वैनगंगेच्या एका घाटावर तारेची नाव चालायची. नदीवर आडवी तार बांधलेली आणि नाव साखळीने त्या तारेला अडकवलेली. बाजाराच्या दिवशी भर धारेत साखळी तुटली. नाव फिरली, उलटली, सात माणसं गेली. नावाडी जंगू पोहून वर आला आणि त्यालाच आत टाकलं, कारण माणसं जास्त भरली असं घाटाच्या ठेकेदाराचं म्हणणं. साखळी तर नवीकोरी, पावती हजर. जंगू म्हणत होता, माणसं एकोणीस होती, दर बाजाराला असतात तेवढीच.

आमचे साहेब वाईट माणूस नव्हते. तारखेला जपणारे होते. तुटल्या जागेचा काही उपयोग नव्हता, पोलीस ठाण्याच्या अंगणात ती गंजून, ठेचून गेली होती. साहेबांनी कडीच्या साबूत बाजूवर खडूने रेघ ओढली.

"इथे आधी दोन सूत खोल चपटं करून घ्या, मग लांबीत काप काढा. पोलाद चांगलं निघालं तर वजनाने तुटली असं लिहू. प्रश्न मिटला."

"कुणाचा?" मी विचारलं.

"रामटेकेबाई, सोमवारपर्यंत अहवाल द्यायचाय," साहेब म्हणाले.

त्या जागेवरचं डांबर मी खरवडून काढलं. खालचं लोखंड गुळगुळीत होतं. एका ठिकाणी चकाकी जरा पांढरट दिसली. खरवडताना पडली असेल म्हणून मी सोडून दिलं. ही माझी चूक, आणि ती मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी शहाणी वाटणार नाही.

जंगूची बायको धुरपता त्याच दिवशी आली आणि व्हरांड्यात बसली. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी हाकललंही नाही. तुरुंगात नवऱ्याला भेटू देत नव्हते, तर निदान लोखंडाजवळ बसावं, असं काहीसं तिचं असावं.

३

बुधवारी सकाळी काम लावलं. चार बोटं लांबीचा तांब्याचा नवा ठोकळा, कडी शिकंज्यात, तेल भरलेलं. तारा हरिदासभाऊंनी जोडल्या. लाह्या फुटायला लागल्या आणि मी खुर्ची ओढून बसले.

पाच मिनिटांत आवाज थांबला. ठोकळा वर गेला, खाली आला. लाह्या फुटल्या, पुन्हा थांबल्या. पुन्हा वर. असं दिवसभर चाललं. तासातून दोन-चारदा नव्हे, मिनिटाला दोनदा. आणि उचलण्याची रीत मला आवडली नाही. कचरा असला की यंत्र दचकून उचलतं. हे सावकाश मागे सरत होतं.

हे आज लिहिताना मला माझंच हसू येतं. यंत्राला कसली आलीय रीत. तेव्हाही मी स्वतःला हेच बजावलं आणि विजेचा खटका एक घर पुढे सरकवला. आवाज वाढला. थोडा वेळ बरं चाललं.

संध्याकाळी टाकी रिकामी करायला तोटी उघडली, तर आधी घासलेट आलंच नाही. पाणी आलं. दोन पेलेभर गढूळ पाणी, त्यात बारीक वाळू. घासलेट हलकं, पाणी जड, म्हणून पाणी तळाशी बसतं. मग त्यामागून काळं झालेलं तेल आलं.

"रेशनवाल्याचे काम आहे," हरिदासभाऊ म्हणाले. "घासलेटात पानी टाकते तो. मागं बी टाकलं होतं."

"आणि वाळू?"

"पानी नदीचंच टाकत असन ना, बाई. नळाले कुठी पानी आहे?"

पटण्यासारखं होतं. मी त्यांना नवा डबा फोडायला सांगितला, सीलबंद, आणि तेल फडक्यातून दोनदा गाळून घेतलं.

४

माझे वडील ब्रह्मपुरीला प्राथमिक शिक्षक होते. छप्पन सालानंतर त्यांनी घरातले देव पाटीत घालून वैनगंगेत सोडून दिले. आम्ही त्या घरात वाढलो. कुणी काही सांगितलं की वडील विचारायचे, तू पाहिलंस का, आणि पाहिलंस तर दुसरं काय काय असू शकतं? भुतंखेतं आमच्याकडे नव्हती. देवच उरले नव्हते तर भुतं कुणाच्या भरवशावर राहणार?

म्हणून गुरुवारी दुपारी सीलबंद डब्याच्या तेलाखालून तांब्याभर पाणी निघालं तेव्हा मी वडिलांसारखीच बसून यादी केली. टाकीला चीर. छतातून गळती. हवेतला दमटपणा. कार्तिक लागायला आलेला, आठवडाभर पाऊस नाही, टाकी कोरडी करून पालथी घातली तर ठणठणीत. यादीतलं एकेक खोडलं. पाणी मात्र होतं. वास घेतला. घासलेटचा वास सगळं खाऊन टाकतो, तरी खाली दुसरा वास लागत होता. शेवाळाचा आणि ओल्या दोराचा.

यंत्र तसंच चाललं होतं. तडतड, मग थांबणं, मग ते सावकाश मागे सरणं. ठोकळा किती खाली उतरला ते दाखवणाऱ्या डायलवर मात्र काम पुढे जाताना दिसत होतं. दोन सुतांपैकी एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, उतरलं होतं. मी खटका आणखी एक घर सरकवला आणि नोंदवहीत लिहून ठेवलं.

हरिदासभाऊंना पाच मिनिटं यंत्राजवळ उभं करून मी बाहेर आले. धुरपता खांबाला टेकून बसली होती. मी तिला चहा दिला.

"बाई, तो आवाज कायचा येते?" तिने विचारलं.

मी तिला ठोकळा, कडी, ठिणग्या सगळं सांगितलं. तांबं लोखंडाला शिवत नाही म्हटल्यावर ती कप खाली ठेवून माझ्याकडे बघायला लागली.

"मंग मधात काय असते?"

"काही नाही. केसाएवढी फट. तेल."

"आमची बुढी असती तर तिले समजलं असतं," ती म्हणाली. "माही सासू. सोमारीबाई. ते नावेत समोर बसे, साखळीवर हात ठेवून. धार किती आहे ते तिले हातानं समजे. डोळ्यानं दिसत नोयतं, पन हात ठेवला का सांगे, जंगू, साखळी तानून राह्यली, ढील दे. लोकं तिले चार बोटांची बुढी म्हनत. हे मधातलं बोट जवानीत साखळीतच गेलं होतं, मुळातून. तरी हात नाई सोडला तिनं साखळीचा."

"तीही गेली?"

"गेली. साऱ्याइची मयत भेटली, तिची नाई भेटली." धुरपताने कप पुन्हा उचलला. "नवी साखळी लावली तवाच बुढी म्हने, हे साखळी नवी नाई. इनं लय ओझं वाहलं आहे. ठेकेदार हासला. म्हने, बुढीले दिसत नाई अन साखळीची उमर सांगते."

आत ठोकळा पुन्हा वर गेल्याचा आवाज आला. मी उठले. माझे हात गार पडले होते हे खरं आहे. तेव्हा मी म्हटलं, व्हरांड्यात वारा आहे.

५

शुक्रवारी साहेब स्वतः खोलीत आले. पाच मिनिटं उभे राहिले. तेवढ्यात यंत्र अकरा वेळा मागे सरलं.

"हे काय चाललंय?"

"फटीत काहीतरी येतंय, साहेब."

"काय येतंय?"

मी पाण्याची बाटली दाखवली. त्यांनी ती उजेडात धरली, वाळू खाली बसू दिली.

"भेसळ. मी पुरवठा खात्याला पत्र लिहितो," ते म्हणाले. "पण हा तुकडा मला आज पाहिजे. गाळ आहे ना? मग जाळून काढा. वाढवा करंट."

मी म्हटलं, "ही एकच कडी आहे. इथे घाई केली आणि काही गेलं तर ते परत येत नाही. सगळा काळा गाळ होतो."

"जाण्यासारखं आहे काय त्यात? चांगली साबूत बाजू आहे."

मी त्यांच्या हातातून बाटली परत घेतली. यंत्राच्या मागे सरण्याचा मला राग आला होता, हेही खरंच. तीन दिवस मी कानाने काम करणारी बाई एका आवाजापुढे हतबल झाले होते. साहेब गेल्यावर मी खटका शेवटच्या घरावर नेला.

आवाज लाह्यांचा राहिला नाही. तेलाखाली निळा उजेड भरला आणि त्या उजेडात काळ्या तेलाच्या आत काहीतरी फिकट होतं. ठोकळा आणि कडी यांच्या मधे. जिथे केसाएवढीच जागा होती तिथे. मी वाकून बघितलं तेव्हा धुराचा बुडबुडा वर आला, फुटला आणि तेल हललं. नंतर काही दिसलं नाही. बुडबुडेच असतील.

या वेळी यंत्र मागे सरलं नाही. कट्‌कन अडलं. ठोकळा वर जाईना, खाली येईना. डायल बरोबर दोन सुतांवर थांबली होती. मी वीज बंद केली. खोलीत इतकी शांतता झाली की व्हरांड्यातून धुरपताच्या बांगड्या ऐकू आल्या.

६

तोटी उघडली. पाणी आलं, बादलीच्या तळाला चांगलं वीतभर. हरिदासभाऊ या वेळी रेशनवाल्याबद्दल काही बोलले नाहीत.

कडी पुसली. तिच्यावर दोन सूत खोल चपटी जागा असायला हवी होती. नव्हती. तीन दिवसांच्या ठिणग्यांनी कडीचं पोलाद जवळजवळ खाल्लंच नव्हतं. वरवर खरवडल्यासारखं झालं होतं आणि त्या पांढरट चकाकीच्या जागी एक खूण उघडी पडली होती. छिन्नीने ठोकलेली खोल फुली, तिच्याभोवती गोल. फुलीच्या कोपऱ्यांत अजून शिशाचे कण चिकटलेले होते.

ती खूण मी ओळखत होते. खाणीत ओझं वाहून थकलेली साखळी बाद करतात तेव्हा कडी-कडीवर अशी फुली ठोकतात, म्हणजे ती पुन्हा कुणी वापरू नये. कुणीतरी भंगारातून ती साखळी उचलली होती, फुल्यांमधे शिसं ओतून घासून सपाट केलं होतं, वर डांबर फासलं होतं आणि नवी म्हणून नदीवर लावली होती. शिसं मऊ, हलक्या ठिणगीनेही उडतं. पोलाद राहिलं. यंत्र नेहमीसारखं चाललं असतं तर बुधवारी दुपारीच फुलीचा काळा गाळ झाला असता. मग मी उरलेल्या चांगल्या पोलादाचा काप काढला असता, आणि जंगूला मीच आत ठेवलं असतं.

"तारा बघा," मी हरिदासभाऊंना म्हटलं.

तारा उलट्या होत्या. लाल जिथे हवी तिथे काळी. उलट्या जोडल्या की ठिणगी लोखंडाला सोडून तांब्याला खाते.

"मी नेहमीसारख्याच लावल्या, बाई," हरिदासभाऊ म्हणाले. "वीस वर्सं लावून राह्यलो. मी काऊन उलट्या लावीन?"

मला मात्र फार बरं वाटलं. सगळं सुटलं होतं. तारा उलट्या, म्हणून लोखंड वाचलं. डायलवरचे दोन सूत तांब्याचे गेलेले. वडिलांना सांगता आलं असतं असं उत्तर होतं ते. त्याच आनंदात मी ठोकळा सोडवला आणि खालची बाजू उजेडाकडे केली.

उलट्या तारांनी तांबं झिजतं, पण झिजताना समोर जे असेल त्याचा आकार घेतं. समोर कडीची सरळ पाठ होती. तांब्यात एक लांब सरळ पन्हळ पडायला हवी होती.

तिथे आडवे खळगे होते, ओळीने. पहिला बोटाएवढा. त्याच्या शेजारी बोटभर जागेत तांबं जसंच्या तसं, कोरं. मग पुन्हा एक खळगा, आणि शेवटी एक लहान. भिंग लावलं. खळग्यांच्या तळाशी बारीक वळ्या होत्या, पेरावर असतात तशा.

मी भिंग खाली ठेवलं. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली.

७

अहवाल सोमवारी गेला. फुलीचे फोटो, शिशाची तपासणी, सगळं. साहेबांनी तो दोनदा वाचला आणि एक शब्द न बदलता सही केली, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं. जंगू दिवाळीनंतर दहा दिवसांनी सुटला. पुरवठा खात्याचं उत्तर आलं की घासलेट शुद्ध होतं.

ठोकळ्याबद्दल मी अहवालात काही लिहिलं नाही. तो माझ्या खणात होता.

धुरपता निघायच्या आधी सांगायला आली. म्हणाली, "बाई, तुमचे उपकार आहे. आता बुढीचं कराचं आहे. पन करा तरी कायचं? चिंधी बी नाई भेटली तिची. गावातले म्हनते, रिकाम्या हातानं कसं कराचं?"

मी खण उघडला. सरकारी तांबं होतं, नोंद असलेलं. मी ते तिच्या हातात दिलं.

तिने ठोकळा उलटा केला. खळग्यांवरून अंगठा फिरवत नेला. पहिल्यावरून, मग कोऱ्या जागेवर येऊन तो थांबला.

"हे तुम्ही केलं का, बाई?"

"यंत्रानं झालं."

"किती दिवस?"

"तीन."

धुरपताने मान हलवली. "तीन दिवस हात ठेवला बुढीनं," ती म्हणाली आणि ठोकळा पदरात गुंडाळून बसस्टँडकडे गेली. मी फाटकापर्यंत तिच्याबरोबर गेले. तिने मागे वळून पाहिलं नाही, आणि मला ते बरंच वाटलं.

त्यानंतर मी त्या यंत्रावर अकरा वर्षं काम केलं. टाकीत पुन्हा कधी पाणी निघालं नाही. तारा उलट्या कशा लागल्या ते हरिदासभाऊंना शेवटपर्यंत समजलं नाही, आणि मी वडिलांना यातलं काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलं असतं, दुसरं काय काय असू शकतं. त्या यादीला मी आजही तयार आहे.

पण निवृत्त होताना जुन्या वह्या चाळल्या. त्या बुधवारच्या, गुरुवारच्या आणि शुक्रवारच्या पानांवर माझ्याच नीटनेटक्या अक्षरात एकच ओळ तीनदा लिहिलेली आहे. फटीत अडथळा. विजेचा जोर वाढवला.